अर्डव्हॅनीची रिकामी होडी

स्कॉटलंडमधल्या या अर्डव्हॅनी किल्ल्याच्या नदीकडच्या दरवाजात ही होडी बांधलेली असते. तिला वल्ही नाहीत. तिचा दोर पलीकडच्या काठावरच्या कप्पीतून फिरून परत इथेच येतो. इथूनच ती पाठवायची, इथूनच ओढून आणायची. लोक तोफांपुढे फोटो काढतात आणि जातात. तुम्ही थांबलाच आहात, तर ऐका.

फार पूर्वी, पूल नव्हता तेव्हा, आज माझ्या हाती असलेला हा दोर मार्सली नावाच्या बाईच्या हाती असे. पलीकडच्या रानात शत्रू उतरल्याची खबर आली. सरदाराने सगळा गाव किल्ल्यात घेतला आणि हुकूम दिला, की अंधार पडल्यावर होडी कोणासाठीही सुटणार नाही. मार्सलीचा नवरा तॉर्किल तेव्हा शेजारच्या गढीवर मदत मागायला गेला होता.

त्या संध्याकाळी दाट धुके पडले, असे सांगतात. अंधार झाल्यावर पलीकडून तॉर्किलची हाक आली. मार्सलीने विचारले, "एकटा आहेस का?"

"एकटाच आहे गं. होडी सोड."

पहारेकरी म्हणाले, मानेवर सुरी असलेला माणूसही हेच म्हणेल. मार्सलीच्या पाठीमागे गावची पोरे झोपली होती. तिने होडी सोडली नाही. तो बराच वेळ हाका मारत राहिला म्हणे, मग थांबला.

सकाळी धुके विरले. पलीकडच्या चिखलात एकाच माणसाची पावले होती, थेट पाण्यात गेलेली. तॉर्किल पुन्हा कोणाला दिसला नाही.

पुढे शत्रू खरोखरच काठावर आला आणि होडी मिळेना म्हणून कंटाळून परत गेला. किल्ला वाचला. सगळे मार्सलीचे गुण गाऊ लागले. तिला ते ऐकवत नसे. हवे ते माग, असे सरदार म्हणाला, तेव्हा ती एवढेच बोलली, "रोज अंधार पडला की होडी पलीकडे जाऊ दे. कोणी हाक मारो न मारो."

होडी परत आली की बांधण्याआधी ती आत हात फिरवून बघायची म्हणे, कोणी भिजून आले आहे का ते.

मधे किल्ल्याचा कारभार बघणारे साहेब लोक म्हणाले, आता पूल आहे, दोर काढून टाका. मी म्हटले, आधी मला काढा. घरी तरी माझी वाट बघणारे कोण आहे?

आजही अंधार पडला की मी होडी पाठवते, थांबते, ओढून घेते आणि आत हात फिरवते. फळी कोरडी लागते. पाऊस असला की मात्र ओली लागते, आणि त्या दिवशी होडी बांधायला मी जरा उशीर करते.