डोंगराईचा ढोल

फार जुनी गोष्ट आहे. म्हाताऱ्यांना लोक तेव्हाही शहाणे समजायचे.

एका नदीच्या वरच्या अंगाला एक वाडी होती, खालच्या अंगाला मोठं गाव. वाडी डोंगराईला भजायची. नदी फुगली की चिमा नावाची बाई डोंगराईचा ढोल बडवायची. तो ऐकला की खालचं अख्खं गाव गुरंढोरं घेऊन टेकडीवर चढायचं. तेव्हा कोण कुठल्या देवाचा, हे कुणी विचारत नसे.

मग राजाच्या मनात आलं, राज्य एक तर देवही एकच हवा. म्हणजे त्याचा. दवंडी पिटली गेली : राजदेवळाच्या घंटेशिवाय काही वाजलं, तर वाजवणाऱ्याचा हात तोडू. ऐकून जो दाराबाहेर येईल, त्याचाही. नदीचा बांध खचला होता, पण बांधावरचे गडी राजाने घरोघरचे ढोल हुडकायला लावले.

वाडीतल्या थोरांनी माना डोलावल्या. चिमाने ढोल कणगीत, धान्याखाली लपवला. त्या दिवसापासून घरात उंदीर खुडबुडला तरी तिचा हात आपोआप काखेत जाई.

एका दुपारी लख्ख ऊन पडलं होतं. चिमा पाण्याला गेली, तर धुण्याचा दगड दिसेना. पाणी लाल झालं होतं आणि आवाज न करता चढत होतं. खालच्या गावात तिची लेक होती, दहा दिवसांची बाळंतीण.

ती पाटलाकडे धावली. "आबा, ढोल वाजवते."

"गप ऱ्हा! तुझ्यापायी आमचे हात तुटायचे."

"अवं, गाव बुडंल!"

"घंटा हाय की राजाची."

"ती पूजेच्या वक्तालाच वाजती. पाणी पूजेसाठी थांबतंय व्हय?"

आबांनी दार लावून घेतलं. एवढी पांढरी मिशी, आत नुसता भुसा.

चिमाने कणगी उपसली. ढोल बाहेर ओढला. दोन्ही हातांनी तिने तो बडवला.

आवाज खाली पोचला आणि गावात धडाधड दारं लागली. लोकांनी आतून अडसर घातले, पोरांचे कान दाबून धरले. बाळाला छातीशी धरून एकटी चिमाची लेक टेकडी चढली. तिच्यामागून धावला राजाचा एक शिपाई. लहानपणी हाच ढोल ऐकून तो टेकडीवर पळाला होता.

थोड्याच वेळात बांध फुटला. राजदेऊळ बुडालं, घंटा बुडाली. गाळ उंचावरच्या राजवाड्याच्या पायरीला लागला.

दुसऱ्या दिवशी राजाने त्याच शिपायाला फर्मावलं, "ढोल वाजवणारीचा हात तोडून आण."

शिपायाने खालच्या गल्लीकडे बोट केलं. "महाराज, तुमचा हुकूम सगळ्यांनी पाळला. बघा, एकही दार उघडं नाही."

राजाने हुकूम मागे घेतला. चिमाचा हात राहिला. गाव राहिलं नाही.

तात्पर्य : राजाने बांध राखावा, देव ज्याचा त्याला राखू द्यावा, आणि भिऊन दार लावणाऱ्या थोरांना शहाणं म्हणू नये.