बापूसाहेबांचा जोडीदार

मालवणात बापूसाहेब धुरींच्या क्लबात स्कूबा डायव्हिंग शिकल्याचं कार्ड दोन दिवसांत हातात पडे. शेजारच्या क्लबातला फर्नांडिस मात्र शिकणाऱ्यांना आठवडाभर पाण्याखाली मास्क काढायला आणि घालायला लावी.

नंदिनी खवणेकर चौकशीला आली, तेव्हा बापूसाहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "आमचं कार्ड इथे चालतं, मालदीवलाही चालतं. त्या फर्नांडिसकडे आठवडा कशाला फुकट घालवता?"

"तेही खरंच," नंदिनी म्हणाली. "पण पाण्याखाली एकाची हवा संपली तर जोडीदार आपली देतो ना? तुम्ही स्वतः उतरताना कोणाला जोडीला घेता?"

"फर्नांडिसकडे शिकलेल्यालाच," बापूसाहेब बोलून गेले. "शेवटी जिवाचा प्रश्न असतो."

नंदिनीने पर्स उचलली. "मग आठवड्याने येते. तोवर तुमच्या जोडीला उतरण्याच्या लायकीची होते."