चावडीची भिंत आणि येसूचं नाव

फार फार वर्षांपूर्वी काय झालं, ते ऐका. पोरांनो, तुम्हीही ऐका आणि मागे बसून डुलक्या घेणाऱ्या आजोबांनीही ऐका! नदीकाठच्या एका गावात चावडीला लांबलचक पांढरी भिंत होती. काही ठरवायचं झालं की ज्यानं त्यानं तिच्यावर कोळशानं आपलं मत लिहायचं आणि खाली नाव घालायचं. ते वाचून पाटील निर्णय देत.

एकदा पाटलांच्या डोक्यात भलतीच कल्पना आली. "कोणाचंही लिहिणं कोणीही सुधारावं! एकेका ओळीत साऱ्या गावाचं शहाणपण उतरेल!" झालं! गाव हरखलं. जो तो ओली चिंधी घेऊन भिंतीकडे धावू लागला.

अशातच जत्रा जवळ आली. ती दरवर्षी नदीच्या वाळूवर भरायची. येसू नावाडीण लोकांना पैलतीरी सोडायची, त्यावरच तिचं पोट होतं आणि नदी तिच्याइतकी कोणालाच कळत नव्हती. तिनं लिहिलं, "वरून गढूळ पाणी येतंय. वाळूवर जत्रा भरवू नका. – येसू." मग एक वऱ्हाड घेऊन ती पलीकडे गेली.

पंतोजींना 'भरवू नका' उद्धट वाटलं. त्यांनी तिथे 'भरवताना विचार करावा' असं केलं. देवाच्या जत्रेत गढूळ काय म्हणून पुजारीबुवांनी 'निर्मळ' लिहिलं. धोंडू हलवाई तर म्हणाला, "आता विचार कसला करायचा?" त्यानं लिहिलं, 'खुशाल भरवा'. खाली नाव मात्र येसूचंच राहिलं.

पाटलांनी वाचलं. "येसूच म्हणते, मग भीती कसली? लावा पाळणे!"

तिसऱ्या दिवशी येसू परतली आणि बघते तर काय, वाळूवर गाव लोटलेलं! "अरे पळा, पळा रे!" ती नावेतूनच किंचाळली. तोवर लोंढा आलाच! तिनं खेपांवर खेपा मारल्या. देवाची कृपा, माणसं सगळी वाचली. दुकानं, पाळणे सगळं वाहून गेलं.

पाटील संतापले. "तूच लिहिलंस ना, खुशाल भरवा म्हणून? उद्यापासून तुझी नाव या घाटाला लागायची नाही!"

येसूनं भिंत वाचली आणि ती भडकलीच. "पाटील, नाव तेवढं माझं आहे! बोलणं कोणाचं, ते या शहाण्यांना विचारा की!"

पंतोजी पुटपुटले, "मी थोडंसंच बदललं."

पुजारीबुवा म्हणाले, "मी तर एकच शब्द."

धोंडू मान खाली घालून म्हणाला, "मी जरा गोड केलं."

"आणि चिंध्या मी वाटल्या," पाटील म्हणाले. त्यांनी येसूपुढे हात जोडले, तिचा घाट तिलाच ठेवला आणि त्याच दिवशी दवंडी पिटवली: पटलं नाही तर खाली आपलं लिहा, कडाकडा भांडा, पण आपल्या नावानं! दुसऱ्याच्या ओळीला बोट लावायचं नाही.

तात्पर्य: दुसऱ्याचं म्हणणं खोडायचं तर आपल्या तोंडानं खोडावं, त्याच्या तोंडी आपले शब्द घालू नयेत.