काशीहून आलेले गुरुजी

सोनगडच्या राजाकडे विश्वंभर नावाचा वैद्य आला आणि काशीच्या गुरुजींचं शिक्क्याचं प्रमाणपत्र दाखवून थेट राजवैद्य झाला. आठवडाभरात शिपाई रायाजी घोड्यावरून पडला. त्याचा सुजलेला पाय लांबूनच बघून विश्वंभर म्हणाला, "उद्या कापावा लागेल."

गावात हाडं बसवणाऱ्या भागीरथीबाईंनी तो पाय चाचपला. हाड नुसतं सरकलं होतं! पण त्यांच्याकडे ना कागद, ना शिक्का. त्यांचं ऐकणार कोण?

सकाळी त्या शाल पांघरलेल्या एका म्हाताऱ्याला घेऊन दरबारात शिरल्या.

"वैद्यराज, काशीहून तुमचे गुरुजी आलेत."

विश्वंभर क्षणभर चाचरला, मग त्याने धावत जाऊन म्हाताऱ्याचे पाय धरले. "गुरुदेव! किती वर्षांनी दर्शन दिलंत!"

"अहो, उठा," म्हातारा संकोचून म्हणाला. "मी तुळाजी. पलीकडच्या गावात मिरच्या पिकवतो."

दरबार खदखदून हसला. राजा मात्र संतापला. "बाई, ही काय थट्टा?"

भागीरथीबाईंनी हात जोडले. "महाराज, ज्याला स्वतःचा गुरू ओळखता येत नाही, त्याला रायाजीचं हाड काय ओळखता येणार?"

खोट्या शिक्क्यापायी विश्वंभर तुरुंगात गेला. रायाजी मात्र दोन महिन्यांत आपल्या दोन्ही पायांवर चालत बाईंच्या दारी आला.