रंगारणीची सुट्टी

एक होतं पठार आणि त्या पठारावर राहायची एक रंगारीण. भागाई तिचं नाव. काय रंगवायची? लुगडी नाही हं, फुलं. तेव्हा पठारावरचं प्रत्येक फूल पांढरंच उमलायचं. श्रावण सरला की भागाई रोज पहाटे उठायची, रंगाची मडकी काखोटीला मारायची आणि एकेक फूल रंगवायची. सोनकीला पिवळा, तेरड्याला गुलाबी, पलीकडच्या उतारावरच्या फुलांना निळा. ऊन डोक्यावर यायच्या आत रंग मिळाला नाही, तर फूल तिथंच कोमेजायचं. मग मधमाश्यांनी काय करायचं? म्हणून वीस वर्षांत भागाईनं एक दिवससुद्धा सुट्टी घेतली नव्हती, बरं का.

एकदा काय झालं, ऐन फुलांच्या दिवसांत लेकीचा निरोप आला. लेक सगुणा, तीन डोंगरांपलीकडे दिलेली. पहिलटकरीण होती. तिनं सांगून पाठवलं होतं, "आई, दिवस भरत आले. मला भीती वाटते. तू ये."

आता फुलांचं कोण बघणार? भागाईनं मोराला विचारलं. तो आपला पिसारा निरखत बसला. माकडाला विचारलं, तर त्यानं रंगाचं मडकंच पालथं केलं. मग आलं एक अस्वल.

"मावशी, मला शिकव. मी करतो," ते म्हणालं.

भागाईनं त्याच्या जाडजूड पंजाकडे पाहिलं. पण दुसरं होतं कोण? तीन दिवस तिनं त्याला शिकवलं. अस्वलाचा हात हळू, पण एक पाकळी म्हणून सुटायची नाही.

चौथ्या दिवशी भागाई निघाली. पहिला डोंगर चढली नि थांबली. पिवळा रंग ढवळायचं सांगितलंच नाही! आली मागं, सांगितलं, पुन्हा निघाली. दुसऱ्या डोंगरापर्यंत पोचली. खडकामागचा तेरडा याला दिसेल का? पुन्हा मागं. मग तिसरा डोंगर अर्धा चढली, आणि काय वाटलं कोण जाणे, आली की परत.

येऊन बघते तर उतारावरची अर्धी फुलं माना टाकून पडलेली. भागाई अस्वलाकडे धावली.

"हे काय रे केलंस?"

अस्वलानं कुंचला खाली ठेवला. "मावशी, तू आलीस की मी हातातलं सोडून ऐकत बसतो. तू गेलीस की तुझा आवाज आला का बघत बसतो. असा माझा हात कसा चालणार? एक तर तू रंगव, नाहीतर तू जा. तिकडे लेक वाट बघतेय."

भागाईनं पदर खोचला आणि चालू लागली. पाय मागं वळू बघत होते, पण तिनं काही वळू दिले नाहीत.

सगुणाच्या दारात पाय ठेवला आणि आतून हाक आली, "आई गं!" भागाईनं धावत जाऊन तिचा हात धरला. दिवस मावळायच्या आत मुलगी झाली. इवलीशी, मुठी आवळलेली. मग बारा दिवस भागाईनं काय केलं? नातीला न्हाऊ घातलं, लेकीला डिंकाचे लाडू केले आणि दुपारी चक्क घोरत झोपली. वीस वर्षांत पहिल्यांदा.

मग परतली. पठारावर पोचली आणि उभीच राहिली. सोनकी पिवळीधमक, तेरडा गुलाबी. आणि पलीकडचा सगळा उतार जांभळा! असा रंग तिनं कधी पाहिला नव्हता.

अस्वल मान खाली घालून म्हणालं, "मावशी, निळा संपत आला होता. मी त्यात गुलाबी मिसळला. विचारायला तू नव्हतीस."

भागाई फुलांत बसली. एक फूल गालाला लावलं. "वीस वर्षं रंगवतेय रे मी," ती म्हणाली, "पण हे मला नाही सुचलं. कसा केलास, दाखव बघू."

अस्वल इतकं खूश झालं की पंजातला कुंचलाच खाली पडला.

मग दर वर्षी भागाई बारा दिवस नातीकडे जाऊ लागली. एकदाही वाटेतून मागं फिरली नाही. भागाई खुशीत, सगुणा खुशीत, अस्वल खुशीत, आणि मधमाश्यांचं तर विचारूच नका. चला, आता पांघरूण घ्या बघू गळ्यापर्यंत. निजा माझ्या सोन्यांनो.