वाकडा पंख

पतंगांसाठी पंचक्रोशीत नावाजलेलं एक गाव होतं, आणि त्या गावात रंगनाथ भावसार नावाचा पतंगवाला राहत होता. त्याचा पतंग हातातून सुटला की नीट वर जाई. बांबूची कामटी तासायची, खळीनं कागद चिकटवायचा आणि पतंग एका बाजूला कलायला लागला तर दुसऱ्या बाजूला चिंधीचा तुकडा बांधायचा, हे सगळं त्याच्या हातांना झोपेतही जमलं असतं. त्या चिंधीवर त्याचा भारी जीव. "कुठलीही खोड असू दे, तिला चिंधी आहे," असं तो मोठ्या ऐटीत सांगे.

पुढे बाजारात नायलॉनचा मांजा आला. कुणाचा गळा कापला, किती पाखरांचे पंख तुटले. गावानं घाबरून पतंगच बंद केले. रंगनाथनं नायलॉन कधी दुकानात ठेवलासुद्धा नव्हता, पण त्याचं कोण ऐकणार? दुकान बंद झालं ते झालंच. पुण्याहून मुलगा फोन करी, "बाबा, इकडे या. आता आरामात बसून खा." मुलगा मायाळू होता हो, पण फोन ठेवला की रंगनाथ उगीचच एखादी कामटी तासायला घेई. गॅलरीत खुर्ची टाकायची आणि खालच्या गाड्या बघायच्या, एवढंच आता उरलं का?

अशात त्यानं कुणाच्या तरी मोबाइलवर एक विमान पाहिलं. फोमच्या पातळ शीटचं, हलकंफुलकं, बॅटरीवर चालणारं आणि रिमोटनं उडणारं. ते आकाशात कोलांट्या मारत होतं, उलटं होऊन जात होतं, नाक वर करून जागच्या जागी लटकत होतं. रंगनाथच्या डोळ्यांत पाणी आलं. ना मांजा, ना कापाकापी, आणि तरी आभाळ आपलं!

तो तडक गावच्या शाळेत गेला. मुख्याध्यापिका सोनवणे बाईंना म्हणाला, "बाई, मी पोरांना विमान करायला शिकवतो."

बाई कमी बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आधी उडवून दाखवा, काका. प्रजासत्ताक दिनाला, झेंडावंदन झाल्यावर. उडालं तर दर शनिवारचा तास तुमचा. नाही तर कराटेवाले सर मागे लागलेच आहेत."

एकीकडे शनिवारचा तास आणि दुसरीकडे गॅलरीतली खुर्ची. रंगनाथ कंबर कसून कामाला लागला.

शहरातून सामान आणलं. फोम, आवळ्याएवढी मोटर, काड्यापेटीएवढी बॅटरी, मोटरवर फिरणारा पंखा, रिमोट. फोमचं धड कापलं, ताठपणासाठी त्यात आपली कामटी घातली. मग पंख चिकटवले. डावा पंख बसताना जरासा पिळला गेला. फरक अगदी किंचित होता, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. रंगनाथला दिसला. पण पतंगाला लावलेली खळ वाळते तेव्हा कागद ताणला जातो आणि असा बारीकसारीक वाकडेपणा आपोआप निघून जातो. त्याला वाटलं, इथंही वाळताना होईल सरळ. फोमच्या गोंदाला मात्र पतंगाची रीत कुणी शिकवली नव्हती. तो जसा लावला तसाच दगडासारखा घट्ट बसला.

गावामागच्या माळावर पहिलं उड्डाण झालं. विमान सुटलं, डावीकडे कललं आणि गवतात जाऊन पडलं. रंगनाथनं तेव्हाच कटर घेऊन तो पंख सोडवला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि तुम्हीही खेळायला मोकळे झाला असतात. पण पंख सोडवायचा म्हणजे काय? साऱ्या गावानं वाखाणलेला हात चुकला, असं स्वतःशी म्हणायचं. ते काही त्याच्या घशाखाली उतरेना. त्यानं उजव्या पंखाच्या टोकाला चिंधीत लोखंडी चकती गुंडाळून बांधली आणि म्हणाला, "झालं!"

विमान सरळ गेलं, पण एकाच वेगाला. वेग वाढवला की डावीकडे वळे, कमी केला की उजवीकडे. वाकड्या पंखाचा जोर वेगाबरोबर कमीजास्त होई आणि चकतीचं वजन मात्र होतं तेवढंच राही. पतंगाला दोरीचा आधार तरी असतो. इथं कोण धरणार? शिवाय विमान थोडं जड झालं होतं, वर चढेना. मग रंगनाथनं लिंबाएवढी मोटर बसवली. तिला जुनी बॅटरी पुरेना, म्हणून साबणाच्या वडीएवढी बॅटरी आली. त्या भारानं नाक खाली गेलं, म्हणून शेपटीला शिसं लावलं. आता विमान इतकं जड झालं की उतरताना धाडकन आपटे. मग त्याला जाड तारेचे पाय आले.

रंगनाथची बायको यमुना घरी ब्लाउज शिवायची. शिवता शिवता ती हे सगळं बघत होती. एकदा म्हणाली, "अहो, हे विमान आहे की लग्नातली नवरी? रोज एक दागिना चढतोय अंगावर."

रंगनाथ तारेचे पाय आवळत राहिला.

एका दुपारी विमान परसातल्या कुंपणावर आदळलं आणि कुंपणाची काठी मोडली. "वारा होता," रंगनाथ म्हणाला.

"वारा कुठला? माझी दोरीवरची साडी हलली नाही." यमुनेनं मशीन थांबवलं. "ब्लाउजची बाही उलटी लागली तर मी काय दुसरी बाही ओढून सारखी करते? उसवते आणि परत लावते."

"शिवणाचं वेगळं असतं."

"खरंय. शिवणात नुसता दोरा उसवायचा असतो," यमुना म्हणाली आणि तिनं मशीन पुन्हा चालू केलं.

हे बोलणं रंगनाथला झोंबलं. पण झोंबलं म्हणून सुधारेल तर तो माणूस कसला! त्यानं नेमका कुठल्या वेगाला विमान सरळ जातं ते शोधून काढलं आणि रिमोटवर त्या ठिकाणी यमुनेची लाल टिकली चिकटवली. वेगाचा खटका टिकलीवर ठेवायचा, एक गोल फेरी मारायची आणि देवाचं नाव घेऊन उतरवायचं. एवढं जमलं की शनिवारचा तास आपला.

प्रजासत्ताक दिन उजाडला. झेंडावंदन झालं, लाडू वाटले गेले. शाळेच्या पटांगणाच्या कडेनं पोरं बसवली होती, मागे गाव उभा होता. रंगनाथ विमान घेऊन मधोमध आला. धोतर कडक, टोपी कडक. लहान वर्गातली पोरं काही जागेवर बसायला तयार नव्हती. विमान जवळून बघायला ती गुडघ्यांवर सरकत पुढे आली होती. हातातल्या जड विमानाचा टोकदार पंखा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला होता.

सोनवणे बाई जवळ आल्या. त्यांनी हळूच विचारलं, "काका, धोका नाही ना?"

रंगनाथनं "नाही" म्हणायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. त्याला समोर गॅलरीतली खुर्ची दिसली, पुण्याच्या गाड्या दिसल्या. आणि पुढच्या रांगेतली, दात पडलेली, हातात अर्धा लाडू धरून विमानाकडे टक लावून बसलेली एक चिमुरडी दिसली.

"आहे, बाई," तो म्हणाला. मग त्याला वाटलं, एवढं बोललो तर सगळंच बोलावं. त्यानं आवाज चढवला. "धोका आहे. याचा पंख वाकडा बसलाय. पहिल्याच दिवशी बसला. मला ठाऊक होतं. आज मी हे उडवणार नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "रंगनाथनाना, चिंधी बांधा की!" आणि असा हशा पिकला की झाडावरचे कावळे उडाले. रंगनाथचे कान लाल झाले. तो झेंड्याच्या चौथऱ्यावर जाऊन बसला, खिशातून कटर काढलं आणि तिथंच विमान सोडवायला लागला. पोरं भोवती जमली. तारेचे पाय निघाले. शिसं निघालं. साबणाच्या वडीएवढी बॅटरी निघाली, लिंबाएवढी मोटर निघाली, चकती निघाली, चिंधी निघाली. शेजारी ढीग झाला. उरलेलं विमान बिचारं त्या ढिगापुढे अंग चोरून बसल्यासारखं दिसत होतं.

ऋतुजा नावाच्या सातवीतल्या मुलीनं विचारलं, "आजोबा, एवढं सगळं कशाला लावलं होतं?"

रंगनाथनं ढिगाकडे पाहिलं. "एक वाकडा पंख झाकायला," तो म्हणाला.

आणि शेवटी त्यानं तो पंख कापून काढला. कापून झाल्यावर त्याला इतकं मोकळं वाटलं की आपण इतके दिवस ओझं विमानावर चढवत होतो की स्वतःवर, हे त्याला कळेना.

घरी येऊन तो यमुनेला म्हणाला, "मुलाला फोन कर. येतो म्हणावं."

"करते," यमुना म्हणाली. "पण तो पंख तेवढा सरळ लावा आधी. अर्धं काम टाकून जायची आपल्या घरात पद्धत नाही."

तिनं कापड कापायचं सपाट टेबल मोकळं करून दिलं. रंगनाथनं नवा पंख त्यावर ठेवला, डोळा बारीक करून दोन्ही बाजू पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, मग गोंद लावला. वाळेपर्यंत तो तिथून हललासुद्धा नाही. जुनी आवळ्याएवढी मोटर बसवली, काड्यापेटीएवढी बॅटरी बसवली. ती बोटभर मागे सरकवली तेव्हा विमान दोन बोटांवर आडवं स्थिर राहिलं. चिंधीची गरजच पडली नाही.

माळावर तो एकटाच जाणार होता. पण गावात विमान काखेत घेऊन एकट्यानं जाता येतं का? सोनवणे बाईंसकट निम्मी शाळा मागे लागली. त्यानं पोरांना लांब बांधावर बसवलं, वाऱ्याकडे तोंड केलं आणि विमान हातातून सोडलं.

ते सरळ वर गेलं. हळू केलं तरी सरळ, जोरात केलं तरी सरळ. रंगनाथनं भीत भीत एक कोलांटी घातली. विमान गोल फिरून जागेवर आलं. मग त्यानं ते उलटं केलं, कुशीवर फिरवलं, नाक वर करून लटकवलं. त्या एवढ्याशा मोटरच्या अंगात इतकं बळ होतं! ते पहिल्यापासूनच होतं. सगळं ओझी वाहण्यात चाललं होतं. बांधावर पोरं नाचत होती. रंगनाथही नाचला असता, पण हातात रिमोट होता.

विमान अलगद गवतावर उतरलं तेव्हा सोनवणे बाई बांधावरून खाली आल्या. "शनिवारी या, काका. कराटेवाल्यांना मी रविवार दिलाय."

रंगनाथनं रिमोट काखेत धरून हात जोडले.

"एक सांगू?" बाई म्हणाल्या. "त्या दिवशी तुम्ही 'धोका नाही' म्हणाला असतात, तर मी विश्वास ठेवला असता."

"ते मला ठाऊक होतं, बाई," रंगनाथ म्हणाला. "म्हणून तर म्हणवलं नाही."

पुण्याचा फोन राहून गेला. शनिवारी वर्गात फोम आला, गोंद आला, पोरांचे हात आणि नाकं चिकट झाली. रंगनाथ बाकांमधून फिरत होता. इतक्यात ऋतुजा उभी राहिली आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आजोबा, माझा पंख वाकडा बसला. काढून परत लावते."

कुणी हसलं नाही. कुणी मान वर करूनही पाहिलं नाही. हेच वाक्य बोलायला रंगनाथला अख्खा हिवाळा लागला होता, आणि या पोरीनं ते पाणी मागावं तितक्या सहज म्हटलं होतं. त्याला फार आनंद झाला. त्यानं तिच्या हातात कटर दिलं आणि म्हणाला, "शाब्बास! बोट सांभाळ."

तात्पर्य: चूक झाकायला जोर लावावा तितकं ओझंच वाढतं; चूक मोकळेपणानं कबूल करून ती मुळापासून सोडवली, की आपल्या अंगात असलेलं थोडं बळही वर न्यायला पुरतं.