तिसऱ्या पानाचा भार

पूर्वी, कृतयुग सरत आले असता, मधुस्रवा नदीच्या तीरावर महर्षी सौमेध यांचा आश्रम होता. उंबर, बेल आणि पळस यांच्या छायेत वसलेली, होमधूमाने सुगंधित झालेली, जिथे हरणांची पाडसे वेदीजवळचे दर्भ खुशाल खात आणि त्यांना कोणी हाकलत नसे, अशी ती पुण्यभूमी होती. सौमेध सामगायनात अद्वितीय. त्यांचा स्वर ऐकला की नदी आपला प्रवाह मंद करते, असे देवलोकात बोलले जाई. देवलोकात अतिशयोक्ती चालते. पण शरद पौर्णिमेच्या यज्ञात त्यांचे साम ऐकायला अग्निदेव दरवर्षी त्या वेदीवर जातीने येत, एवढे मात्र खरे.

त्या वेदीतला अग्नी साधा नव्हता. महर्षींचा एकुलता एक पुत्र सुनीथ जन्मला त्या दिवशी तो प्रज्वलित झाला होता आणि पौर्णिमेचे साम निर्विघ्न पार पडले की पुढच्या पौर्णिमेपर्यंत अखंड जळत राहील, असा त्याचा नेम होता. ऋषिपत्नी पयस्विनी त्या अग्नीला जिवापाड जपे. कारण अग्नी राहिला होता आणि सुनीथ राहिला नव्हता. श्रावणातल्या पुरात, पैलतीरावरून समिधा आणताना, मधुस्रवेने त्याला आपल्या पोटात घेतले होते.

पुत्र गेल्यावर पयस्विनीने अन्न सोडले. पतीने जेवून तृप्त व्हावे आणि मग गृहिणीने आपले पान घ्यावे, असा आश्रमाचा आचार होता. त्या आचाराच्या आड ती लपली. 'आपले व्हायचे आहे अजून,' असे म्हणे, आणि आवराआवरीत दिवस मावळे. ती काडीसारखी वाळली. सौमेधांनी तिला उपदेश केला, आत्म्याच्या अमरत्वावर मोठे निरूपण केले. तिने ते सगळे शांतपणे ऐकले आणि भांडी घासायला निघून गेली.

मग एके दिवशी, जेवता जेवता, महर्षींना सहज एक ढेकर आला. पाकशाळेच्या दाराआडून पयस्विनी डोकावली. कित्येक दिवसांनी तिच्या ओठांचे कोपरे हलले. "झाले ना पोटभर?" तिने विचारले, आणि मुकाट्याने आपल्यासाठी पान मांडले. चार घास खाल्ले. सौमेधांना वेदांतले जे कळत नव्हते ते सगळे त्या क्षणी कळल्यासारखे वाटले. त्या दिवसापासून ढेकर दिल्याविना ते पानावरून कधी उठले नाहीत.

आता यात एक अडचण होती. पयस्विनीचा हात अजून तिघांचे मोजत असे. तांदूळ धुताना, पीठ मळताना तो कमी व्हायला तयार नव्हता. तिसऱ्या पानाचे अन्न मग नवऱ्याच्या पानात पडे. "आणखी थोडे वाढू?" असे ती विचारी, आणि त्या महाज्ञानी पुरुषाला 'पुरे' हा शब्द उच्चारता येत नसे. ते अन्न आपल्या मुलाचे आहे, हे त्यांना ठाऊक होते. ते टाकायचे कसे?

शिवाय ढेकर ही काही आज्ञा पाळणारी वस्तू नव्हे. तो आला नाही की सौमेध भराभर घास गिळत, ओठ मिटून वारा पोटात ओढत आणि मग तो मोकळा सोडत. दाराआडून समाधानाचा निःश्वास ऐकू येई. काही काळाने वारा न ओढताच ढेकर येऊ लागले. जपात येऊ लागले, संध्येला बसले की येऊ लागले. मागोमाग छातीपासून कंठापर्यंत जळजळ सुरू झाली. आडवे झाले की आंबट पाणी तोंडाशी येई, म्हणून ते उठून भिंतीला टेकून बसत. "निजत का नाही, स्वामी?" असे पयस्विनीने विचारले, तर ते म्हणत, "ध्यान लागले होते." ती भोळी बाई शेजारच्या ऋषिपत्न्यांना सांगे की आमच्याकडचे तप हल्ली फार वाढले आहे.

पण कान तिलाही होते. पहाटेच्या पाठात महर्षींचा स्वर घोगरा होऊ लागला, वरच्या सप्तकाशी जाऊन माघारी फिरू लागला. पौर्णिमा जवळ येत होती. साम तुटले तर अग्नी विझेल, या धास्तीने तिचा जीव अर्धा झाला. आणि धास्तावलेल्या बाईला उपाय म्हणून जे सुचते तेच तिला सुचले. तिने त्यांना अधिक खाऊ घालायला सुरुवात केली.

पौर्णिमेच्या दिवशी यज्ञाला बसण्याआधी तिने पायसाचे भांडे पुढे ठेवले. "गायला बळ लागते. दुधाचेच आहे, उपवास मोडत नाही," ती म्हणाली. सौमेधांनी तिच्याकडे पाहिले, भांड्याकडे पाहिले, आणि पायस संपविले. तृप्तीचा ढेकरही दिला.

यज्ञ सुरू झाला. ऋत्विजांनी आहुती दिल्या, दर्भासनावर पोट आवळून बसलेल्या महर्षींनी साम आरंभिले, आणि ज्वाळा नेहमीसारख्या त्या स्वराबरोबर उंचावू लागल्या. सामाचा परमोच्च स्वर आला. त्याच क्षणी आतून अम्लाचा लोट कंठात उसळला, स्वर मध्येच तुटला आणि प्रदीप्त अग्नीच्या मुखावर एक दीर्घ, कर्कश ढेकर जाऊन आदळला. ज्वाळा एकदम खाली बसल्या. वेदीतून काळा धूर निघू लागला.

त्या धुरातून सुवर्णवर्ण, पिंगलजट, सप्तजिव्ह भगवान वैश्वानर प्रकट झाले. क्रोधाने त्यांचे नेत्र पलाशपुष्पांसारखे लाल झाले होते.

"सौमेधा, देवांच्या मुखावर तू उच्छिष्ट वायू सोडलास. ज्या जठराग्नीचा तू अनादर केलास तो यापुढे ऊर्ध्वगामी होवो. तो मानवांचा कंठ जाळो, आणि तुझे गान…"

"थांबा, भगवन्," पयस्विनी म्हणाली. यज्ञात पत्नीने बोलू नये हा नियम ती विसरली होती. वेदीच्या आणि पतीच्या मध्ये ती उभी राहिली. "अपराध असेल तर वाढणारीचा आहे. खाणाऱ्याला शाप देऊ नका. यांचे तप मोठे आहे. हे रोज तृप्त होऊन उठतात, मी माझ्या कानांनी ऐकले आहे."

वैश्वानरांनी तिच्याकडे रोखून पाहिले. मग त्यांचा स्वर उतरला.

"साध्वी, मी या वेदीत राहतो तसा याच्या उदरातही राहतो. तिथे काय चालले आहे ते मला विचार. तुझी चूल धुमसू लागली, तर तू काय करतेस?"

"लाकडे फार कोंबली असली तर धुमसते. दोन ओढून घेते. वारा खेळायला जागा हवी."

"आणि याच्या पोटात?"

 पयस्विनीने हळूहळू मागे वळून पतीकडे पाहिले. सौमेधांचे डोळे पाणावले होते. ते जळजळीने की आणखी कशाने, हे त्यांनाही सांगता आले नसते.

"आपण कधी बोलला का नाहीत?" तिने विचारले.

"ढेकर ऐकला की तू जेवायला बसत होतीस," सौमेध घोगऱ्या आवाजात म्हणाले. "न ऐकता उपाशी राहिलीस, तर मी काय करणार होतो? मुलगा गेला. तूही गेली असतीस."

हे ऐकून ती खाली बसली आणि पदरात तोंड लपवून रडली. सुनीथ गेल्यापासून ती रडलीच नव्हती. अग्निदेव वेदीत उभेच राहिले. देव असले तरी अशा वेळी काय करावे हे त्यांनाही चटकन सुचत नसावे.

अखेरीस ते म्हणाले, "उच्चारलेला शाप मागे घेता येत नाही, उदरातला अग्नी यापुढे वर उसळेल. पण शाप मी पुरता केला नव्हता, म्हणून याचे गान वाचले. आणि तुम्हा दोघांसाठी उःशाप देतो. उदराचे चार भाग करावेत. दोन अन्नाला, एक पाण्याला, आणि चौथा माझ्या श्वासाला मोकळा ठेवावा. घास सावकाश चावावा, वारा गिळू नये. एखादा ढेकर आपसूक येतो, तो येऊ द्यावा. बळेच काढू नये, कारण एक काढला की तो दुसऱ्याला बोलावतो. सूर्य मावळण्यापूर्वी जेवावे आणि जेवून लगेच आडवे होऊ नये, शतपावली करावी. मग टेकायचे तर डाव्या कुशीवर टेकावे. त्या कुशीवर मी खाली निवांत राहतो. रात्री शय्येचा उशाकडचा भाग उंच करावा. एवढे करूनही घास घशात अडू लागला, किंवा देह अकारण झिजू लागला, तर माझी स्तुती करीत बसू नका. अश्विनीकुमारांना बोलवा."

"आणि तिसरे पान?" पयस्विनीने विचारले. तिचा आवाज जेमतेम ऐकू आला.

"ते मांड," वैश्वानर म्हणाले. "पण नवऱ्याच्या पोटात नको. उंबराखाली मांड. पाखरे येतील, गाय येईल, वाटसरू येईल. तुझ्या मुलाच्या नावाने कोणीतरी जेवेल."

एवढे बोलून ते वेदीत विलीन झाले. सौमेधांनी तुटलेले साम पुन्हा पहिल्यापासून घेतले, हलक्या आवाजात, वरच्या स्वराची घाई न करता. धूर निवळला. निखाऱ्यातून एक ज्वाळा उठली आणि स्थिर झाली.

दुसऱ्या दिवशी पयस्विनीने तिघांचेच रांधले. एक पान उंबराखाली ठेवले आणि साळुंक्या उतरेपर्यंत तिथेच उभी राहिली. परत आली, पतीला मोजके वाढले आणि दाराकडे वळली. सौमेधांनी आपले पान किंचित सरकवून शेजारी जागा केली.

"आपले व्हायचे आहे अजून," ती सवयीने म्हणाली.

"बरोबरच होऊ दे," ते म्हणाले.

आचार मोडत होता खरा, पण ती बसली. महर्षींनी अर्धे पोट जेवून हात आवरला. ढेकर आला नाही. पयस्विनीने त्याची वाटही पाहिली नाही; ती जेवत होती.

तेव्हापासून मधुस्रवेच्या काठी पतिपत्नी एका पंगतीला बसतात आणि दुपारच्या जेवणानंतर डाव्या कुशीवर क्षणभर टेकतात. या टेकण्याला लोक वामकुक्षी म्हणतात. आणि घरातले कोणी गेले असेल तर त्याचे पान अजूनही मांडले जाते, बाहेर, झाडाखाली.